पुणे स्टेशनबाहेर सायकली भाड्याने मिळाव्यात म्हणून

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका यांस,

स. न. वि. वि.

मी पुणेकर नाही. पुण्यात माझं घर नाही, मत नाही, मी तिथे मिळकतकर भरत नाही. तरी हे पत्र तुम्हालाच लिहिते आहे, कारण गेली चार वर्षं महिन्यातून एकदा तरी मी तुमच्या शहरात येते, आणि माझ्यासारखी माणसं रोज गाड्या भरभरून येतात. कुणी दवाखान्याच्या तारखेला, कुणी परीक्षेला, कुणी मुलीच्या वसतिगृहाची चौकशी करायला, कुणी कोर्टात. सकाळी उतरायचं आणि संध्याकाळची गाडी पकडायची. शहरासाठी वाहतुकीचे आराखडे होतात तेव्हा या दिवसभराच्या पाहुण्याचा विचार कुणी करत असेल, असं मला स्टेशनबाहेर पाऊल टाकताना कधी जाणवलेलं नाही.

मी सोलापूरची. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर मोडी शिकले आणि आता आमच्या भागातले जुने कागद वाचते. त्यासाठी पुण्याला येणं भाग पडतं: एक पेशवे दफ्तर, जिथे रुमालांत बांधलेले कागद एका जन्मात संपायचे नाहीत, आणि दुसरं १९१० साली स्थापन झालेलं सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ. सकाळी साडेसहाची हुतात्मा एक्स्प्रेस साडेदहाच्या सुमारास पुण्याला पोचवते आणि संध्याकाळी सहाला तीच परत निघते. म्हणजे हातात साडेसात तास. त्यातला एकेक तास मला मोजून वापरावा लागतो.

आता स्टेशनबाहेरचं सांगते. पेशवे दफ्तर स्टेशनपासून जेमतेम सव्वा किलोमीटर. एवढ्या जवळ यायला रिक्षावाले तयार नसतात, आणि त्यांचंही मला चूक वाटत नाही. रांगेत तासभर थांबून पंचवीस रुपयांचं भाडं कुणाला परवडेल? मंडळ साडेचार किलोमीटरच्या आसपास. मीटरने गेलं तर पहिल्या दीड किलोमीटरचे पंचवीस आणि पुढे किलोमीटरला सतरा, म्हणजे जाऊन-येऊन दीडशे रुपये. पेन्शनमध्ये ते बसतात, पण रोज येणाऱ्या सगळ्यांच्या खिशात ते बसत नाहीत. बस आहे, पण नवख्या माणसाला कुठली बस कुठल्या थांब्यावर हे कळेपर्यंत अर्धा तास जातो. चालत गेलं तर उन्हात जीव जातो आणि मग कागदांवर डोकं चालत नाही.

म्हणून चार वर्षांपूर्वी मी एक घडीची सायकल घेतली. एका ओळखीच्या मुलाने वापरून ठेवलेली. वीस इंची चाकं, वजन साडेबारा किलो. हँडलचा दांडा खाली पाडायचा, सीट खाली सरकवायची, मधली कडी उघडून सायकल दुमडायची, पायडल आत मिटायचे. पहिल्यांदा मला दहा मिनिटं लागली होती, आता एक मिनिट पुरतं. जुन्या सोलापुरी चादरीची तिला एक खोळ शिवून घेतली आहे. गाडीत डब्याच्या टोकाला, शेवटच्या बाकाच्या पाठीमागे ती उभी राहते.

तिच्यामुळे पुणे मला नव्याने सापडलं. स्टेशनवरून दफ्तर सहा-सात मिनिटांत, तिथून दुपारी मंडळ पंचवीस मिनिटांत. मध्ये पाताळेश्वरला दहा मिनिटं सावलीत बसता येतं, तुळशीबागेत सुनेसाठी काही घेता येतं. एकदा काम लवकर संपलं म्हणून मी येरवड्याला जाऊन आले. आमची गाडी ज्यांच्या नावाने धावते त्या चौघा हुतात्म्यांना, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना, १२ जानेवारी १९३१ रोजी तिथल्याच तुरुंगात फाशी दिली. वर्गात हे मी किती वेळा सांगितलं असेल. पण सोलापूरहून निघून त्या भिंतीसमोर सायकल टेकवून उभं राहिले त्या दिवशी घशाशी आलं. रिक्षाने कुणी असं मुद्दाम वाट वाकडी करून जात नाही.

पण हे पत्र मी माझ्या सायकलीसाठी लिहीत नाही. घडीची सायकल प्रत्येकाने घ्यावी असं सांगण्यात अर्थ नाही. ती महाग असते, आणि साडेबारा किलो उचलून स्टेशनचा जिना चढणं माझ्या वयाच्या सगळ्या बायकांना जमणार नाही. मलाही किती वर्षं जमेल माहीत नाही. हे पत्र गाडीत मला वारंवार विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नासाठी आहे. खोळीतून सायकल काढताना शेजारची बाई बघते आणि विचारते, “बाई, असली सायकल तिथं भाड्यानं मिळत नाही का हो?” चार वर्षांत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की “नाही” म्हणायची आता लाज वाटते. कारण एकेकाळी ती मिळत होती.

तुमच्या-माझ्या पिढीला भाड्याची सायकल समजावून सांगायला नको. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलचं दुकान होतं. तासाला चार आणे, अर्ध्या तासाला दोन. मडगार्डवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घातलेला. दुकानदार वहीत नाव लिहायचा, वेळ लिहायचा आणि “कुणाची तू?” एवढं विचारायचा. तेवढंच डिपॉझिट. सायकल परत आली की तो आधी चाक फिरवून बघायचा, टायर दाबायचा, घंटी वाजवायचा, मग वहीत काट मारायचा. दांड्यामधून पाय घालून आम्ही सगळ्या तिथल्याच सायकलींवर शिकलो, गुडघे फोडून घेतले. चेन पडली तर तोच बसवून द्यायचा. पुढे १९८४ मध्ये मी पुण्यात शिकायला आले तेव्हा वसतिगृहाजवळच्या दुकानातून लेडीज सायकल महिन्याच्या भाड्याने घेत असे. सकाळी कर्वे रस्त्यावरून डेक्कनकडे सायकलींचा लोंढा निघायचा, आणि त्यात निम्म्या मुली असायच्या असं माझ्या आठवणीत आहे. सोलापूरच्या मुलीला तो लोंढा केवढा धीर देऊन गेला हे मी कधी विसरले नाही. एकटीने कुठेही जाता येतं, कुणाला विचारावं लागत नाही, हे मी पुण्यात शिकले आणि ते सायकलवर शिकले.

त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती जी तेव्हा लक्षातही आली नव्हती. सायकल जिथून घेतली तिथेच परत आणायची. पुढचं सगळं मी त्या एका गोष्टीवरून सांगणार आहे.

२०१७ च्या डिसेंबरमध्ये तुमच्या मुख्य सभेने पुण्याचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास विद्यापीठाच्या आवारात आणि औंध भागात मोबाइलवर चालणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या, सुरुवातीला अर्ध्या तासाला रुपयाभर भाड्याने. पुढच्या वर्षी परदेशी कंपन्याही उतरल्या. पिवळ्या, केशरी, हिरव्या सायकली पाहून मला किती आनंद झाला होता! त्यांची पद्धत अशी: फोनने कुलूप उघडा, हवं तिथे जा, तिथेच सोडून द्या. ऐकायला छानच. पण त्यातली एक परदेशी कंपनी २०१८ मध्येच देशातून निघून गेली आणि बाकीच्याही हळूहळू दिसेनाशा झाल्या. मी स्वतः त्यांतली एक घ्यायचा प्रयत्न केला होता. फोनवर नाव नोंदवलं, पैसे भरायच्या पानावर अडकले, मदतीला फोन लागेना. शेजारी सायकल उभी आणि मी उन्हात फोन धरून वीस मिनिटं. मग रिक्षा केली. बाहेरगावचा माणूस एका दिवसासाठी येतो, त्याच्या फोनचं नेट स्टेशनच्या गर्दीत चालत नाही, आणि चार तासांच्या कामासाठी तो कुठलं अॅप उतरवून घेणार?

त्या योजनेत फक्त पाहुण्यांचीच गैरसोय होती असं नाही. कुठेही सोडता येणारी सायकल ही कुणाचीच नसते. सीट नसलेल्या, चाकाचे स्पोक तुटलेल्या सायकली मी फुटपाथवर आडव्या पाहिल्या आहेत. लोकांनी त्यांना स्वतःची कुलपं घालून घरी ठेवल्याच्या बातम्या तेव्हा येत होत्या. पुणेकरांना सायकलची कदर राहिली नाही असं त्यावरून कुणी म्हणालं, तर मला ते मान्य नाही. जगात सगळीकडे हेच झालं आहे. १९६५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या तरुणांनी पांढऱ्या रंगाच्या, कुलूप नसलेल्या सायकली शहराला वापरायला ठेवल्या; विनाकुलूप सायकल रस्त्यात ठेवणं बेकायदा म्हणून पोलिसांनीच त्या उचलून नेल्या. २००७ मध्ये पॅरिसने ठिकठिकाणी खास स्टँड उभारून हजारो सायकली आणल्या, तरी चोरी आणि मोडतोड यांनी ती योजना पहिली काही वर्षं बेजार होती. शिवाय सकाळी सगळे एकाच दिशेला जातात, म्हणून एकीकडे सायकली संपतात आणि दुसरीकडे जागा उरत नाही. मग रात्रंदिवस टेम्पो फिरवून सायकली इकडच्या तिकडे करायच्या. खर्च तिथे होतो.

आता नेदरलँड्सचं सांगते, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझी लेक उट्रेख्तला असते. तिथल्या स्टेशनखाली साडेबारा हजार सायकली ठेवण्याची जागा आहे, हे तुम्ही वाचलं असेलच. मला त्याचं फार कौतुक वाटलं नाही, कारण ते पुण्यात उद्या होणारं नाही. मला जे भावलं ते अगदी साधं होतं. एका सकाळी आम्ही गाडीने लायडनला गेलो. स्टेशनातच निळ्या-पिवळ्या सायकलींचं एक ठिकाण. लेकीने रेल्वेचं कार्ड दाखवलं, त्या एका कार्डावर दोन सायकली मिळाल्या. मिनिटभराचं काम. चोवीस तासांचं एकच ठरलेलं भाडं, त्यामुळे घड्याळाकडे बघत पळायला नको. कालव्यांच्या काठाने आम्ही नऊ-दहा किलोमीटरवरच्या काटवाइकच्या समुद्रापर्यंत जाऊन आलो. उलटं पायडल मारलं की ब्रेक लागतो ही गंमत अंगवळणी पडायला मला दोन चौक लागले. संध्याकाळी सायकली परत त्याच स्टेशनवर दिल्या. दुसऱ्या गावच्या स्टेशनवर सोडल्या तर वेगळा आकार पडतो, म्हणून कुणी सोडत नाही. टेम्पो नाही, हरवणं नाही, फुटपाथवर आडव्या सायकली नाहीत.

ओव्ही-फीट्स म्हणतात त्या व्यवस्थेला. २००३ मध्ये सुरू झाली, आणि ती मुख्यतः गावातल्या माणसासाठी नाहीच. गावातल्या माणसाकडे स्वतःची सायकल असते. ती आहे गाडीतून उतरणाऱ्या पाहुण्यासाठी. लायडनच्या त्या ठिकाणी उभी असताना मला आमच्या गल्लीतलं दुकान आठवलं. जिथून घेतली तिथेच परत! डच लोकांनी जे रेल्वेला जोडून उभं केलं ते आमच्याकडे वही-पेन्सिलीवर चाललेलं होतं, आणि आम्ही ते बंद पडू दिलं.

म्हणून माझी मागणी आराखड्याची नाही, अॅपची नाही, हजार सायकलींची तर मुळीच नाही. पुणे स्टेशनच्या दारात एक सायकलचं दुकान हवं आहे. शंभर सायकली असाव्यात. स्वारगेट एसटी स्टँडला आणखी एक दुकान हवं, कारण सातारा, कोल्हापूर, सांगलीची माणसं तिथे उतरतात. एवढ्यावर सुरुवात करावी.

दुकानात माणूस असावा. हा माझा सगळ्यात मोठा आग्रह आहे. कुलूप, कार्ड, पडदा काहीही लावा, पण सायकलची हवा बघणारं, चेन बसवून देणारं, “दगडूशेठला जाताना सायकल कुठे लावू” याचं उत्तर देणारं कुणीतरी तिथे हवं. बचत गटातल्या बायकांना हे काम द्या. पंक्चर काढायला आठ दिवसांत शिकता येतं, मी साठीच्या जवळ येऊन शिकले आहे. सकाळी सहाला उघडावं, रात्री शेवटच्या मोठ्या गाडीपर्यंत चालावं. ओळखपत्र बघून नोंदून घ्यावं, ठेवून घेऊ नये; परीक्षेला आलेल्या मुलाला तेच ओळखपत्र केंद्रावर दाखवायचं असतं. रोख पैसे घ्यावेत, फोनवरूनही घ्यावेत. भाडं दिवसाचं असावं, तासाचं नको, म्हणजे दवाखान्यात नंबर लांबला तरी माणसाच्या पोटात गोळा येणार नाही.

आणि सायकल कशी असावी तेही सांगते, कारण हे ठरवताना बहुधा साडी नेसणारं कुणी बैठकीत नसतं. मधला दांडा खाली असलेली. पूर्ण चेनकव्हर असलेली. साडी, ओढणी, धोतर, सगळ्यांना तेच वाचवतं. सीट हाताने वर-खाली होणारी. पुढे बास्केट, कारण प्रत्येक पाहुण्याच्या हातात एक पिशवी असतेच. दिवा, घंटी, जाड कुलूप. गिअर नसले तरी चालतील, पेठांमध्ये चढ नाहीत. मैसूरने २०१७ मध्ये आपली सार्वजनिक सायकल योजना सुरू केली तेव्हा राजवाड्याकडे जाणारे पर्यटक आणि रोजचे प्रवासी असा दोन्हींचा विचार केला होता. मी तिथल्या सायकलवर शाळेची सहल संपल्यावर एक संध्याकाळ फिरले होते. आपल्याकडे अशी माणसं कमी नाहीत, आणि अंतरं तर त्याहून सोपी आहेत.

सायकल मिळाली की ती लावायची कुठे, हा पुढचा प्रश्न, आणि त्यात माझे बरेच वाईट अनुभव आहेत. पुण्यातल्या एका वास्तूच्या फाटकावर मला सांगण्यात आलं की वाहनतळ फक्त दुचाकी आणि चारचाकीसाठी आहे. मी विचारलं, सायकलला किती चाकं असतात? पण तो बिचारा पगारी माणूस, त्याला दिलेल्या पावतीपुस्तकात सायकलचा रकानाच नव्हता. एका दवाखान्यात घडी घालून खोळीत ठेवलेली सायकलसुद्धा आत नेऊ दिली नाही. तिच्यापेक्षा मोठी बॅग घेऊन एक गृहस्थ माझ्यासमोर आत गेले. खोळ उघडी असली तर अडवतात, बंद असली तर कुणी विचारत नाही, हा माझा चार वर्षांचा अनुभव आहे. म्हणजे सायकलीच्या आकाराची अडचण नाही, सायकल या शब्दाची आहे. महापालिकेच्या ताब्यातल्या सगळ्या इमारती, उद्यानं, नाट्यगृहं आणि वाहनतळ यांना एक परिपत्रक काढा: भाड्याची असो वा स्वतःची, सायकल लावायला दारापाशी लोखंडी कमान असेल आणि तिला पैसे नाहीत; घडी घातलेली सायकल ही पिशवी समजावी. याला निधी जवळजवळ लागत नाही.

रेल्वे तुमच्या हातात नाही, ठाऊक आहे. तिच्या नियमात डब्यात सोबत नेण्याच्या ट्रंकेची मापं आहेत, १०० × ६० × २५ सेंटिमीटर, आणि त्या पंचवीसमध्ये जवळपास कुठलीच घडीची सायकल बसत नाही. हँडल आणि पायडल मिळून जाडी वाढतेच. एकदा एका स्थानकावर मला ती ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात टाकायला सांगितलं. गाडी सुटायला आठ मिनिटं होती. शेजारच्या चार प्रवाशांनी मध्ये पडून मला आत घेतलं. बंगळुरूच्या मेट्रोने २०२२ मध्ये घडीची सायकल शेवटच्या डब्यात नेता येईल असं जाहीर करून टाकलं आणि प्रश्न मिटवला. पुण्याच्या मेट्रोत मला आजवर कुणी अडवलेलं नाही, हेही इथे आभार मानून लिहिते. दुकानाच्या जागेसाठी तुम्हाला रेल्वेशी बोलावं लागेलच, तेव्हा हा मुद्दाही काढावा.

राहिला रस्ता. कात्रज-स्वारगेट-हडपसर हा बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा रस्ता २००६ मध्ये झाला तेव्हा शेजारी सायकल ट्रॅक आखले होते. त्यांची आजची अवस्था तुम्हाला मी सांगायला नको. कुठे रोहित्र, कुठे टपरी, कुठे ट्रॅक संपून थेट पायरी. शंभर ठिकाणी दोनदोनशे मीटर करण्यापेक्षा एकच रस्ता धड करा: स्टेशन, मालधक्का चौक, जुना बाजार, कुंभारवेस, कसबा, शनिवारवाडा. तीन किलोमीटर. हाच नेमका पाहुण्याचा रस्ता आहे, आणि आज त्यावर सायकल चालवताना माझे खांदे कानापर्यंत वर गेलेले असतात. कडेच्या गाड्या हटवा, खड्डे बुजवा, चौकात सायकलला पाच सेकंद आधी हिरवा दिवा द्या. पुढे पेठांमध्ये शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता एकेरी असल्याने नवख्याला फार मोठा वळसा पडतो. आतल्या बोळांतून सायकलला दोन्ही दिशांनी जाऊ द्यावं आणि वाड्यांच्या भिंतींवर बाण रंगवावेत. बोळ तसेही मोटारींच्या कामाचे नाहीत.

कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी सायकलींचं एक अख्खं संग्रहालय उभं केलं आहे. तिथल्या जुन्या सायकली, दिवे, पंप पाहताना माझे डोळे भरून आले होते. पण सायकल पाहण्यासाठी संग्रहालयात जायची वेळ पुण्यावर यावी, हे मला पटत नाही. जी मुलगी १९८४ मध्ये तुमच्या रस्त्यांवर निर्धास्त झाली, तिच्या गावच्या आजच्या मुली परीक्षेला येतात तेव्हा स्टेशनबाहेर घोळक्याने उभ्या राहून भावांना फोन करतात. त्यांना मी दर फेरीला बघते. त्यांच्या हातात एक सायकल द्या.

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी मी येते आहे. तुमच्या पथ विभागातल्या कुणा अभियंत्याला वेळ असेल तर त्यांनी सकाळी अकराला स्टेशनच्या मुख्य दारात यावं, सायकल घेऊन. शनिवारवाड्यापर्यंत आम्ही बरोबर जाऊ. कुठे काय अडतं ते मी थांबून दाखवेन, मोजायला टेप मी आणते. दुपारी मला मंडळात पोचायचं आहे, तेवढं सांभाळावं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
हुतात्माने येणारी एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर